तुटलेल्या हुकाचे दोन रंग

मित्रांनो, माझ्याकडे जरा संशयानेच बघा. मला त्याची सवय आहे. मी साखळी आहे. जुनी, एकशे चार कड्यांची आणि एका टोकाला मोडलेली. गेली दोन वर्षं मी एका वकीलबाईंच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकते आहे. माझा तुटका हूक वेगळ्या पाकिटात घालून माझ्याच गळ्यात अडकवला आहे. येणारे लोक विचारतात, "ही इथे कशाला?" वकीलबाई म्हणतात, "ती आमची साक्षीदार आहे." लोक हसतात. मग बसल्या जागेवरून हळूच पुन्हा माझ्याकडे बघतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे तार कापून, वाकवून कडीत कडी अडकवत. हूक वेगळा, साच्यात ओतून करत आणि वर चकाकी चढवत. ती चकाकी मला तेव्हा फार आवडायची. चकाकीखाली काय आहे ते दिसत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दुकानात माझ्याविषयी खूप चांगलं बोललं जायचं. दुकानदार मला दोन्ही हातांनी ताणून दाखवायचा. "बैल बांधा, बैल! तुटली तर पैसे परत."

"बैल नाही हो, आमच्याकडे साहेब आहेत," एक गिऱ्हाईक म्हणालं आणि त्याने हातातली पिशवी उघडली. पिशवीत तपकिरी पिल्लू झोपलेलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे घरोघरी विजेची कामं करणारा वायरमन. पिल्लाचं नाव त्याने साहेब ठेवलं होतं, कारण उभ्या आयुष्यात आपण हुकूम सोडावा असा साहेब त्याला दुसरा मिळणार नव्हता.

मी त्याच्या फाटकाजवळच्या खांबाला बांधली गेले. माझ्या एका टोकाला खांब, दुसऱ्या टोकाला साहेबांचा गळपट्टा. ती वर्षं सुखाची होती. साहेब झोपले की मी त्यांच्या पोटाशी पडून राहायची आणि ऊन उतरलं तरी माझ्या कड्या कोमट असायच्या. वायरमन कामावरून आला की आधी साहेबांची विचारपूस, मग बायकोची. बायको म्हणायची, "मलाही एक पट्टा आणा, म्हणजे माझ्याकडेही लक्ष जाईल."

साहेब वाढले. अनोळखी माणूस फाटकाशी आला की ते सात पावलं धावायचे. सातव्या पावलाला मी संपायची आणि हिसका बसायचा. तो सगळा हिसका माझ्या हुकाच्या वळणावर, एकाच जागी यायचा. मित्रांनो, एका हिसक्याने लोखंडाला काही होत नाही. शंभरानेही होत नाही. पण माझे हिसके कुणी मोजत नव्हतं. एकदा पार्सल देणाऱ्या माणसाची विजार साहेबांनी टरकावली, तेव्हा वायरमन हसून म्हणाला, "खेळतात हो ते!" पार्सलवाला हसला नाही. तेव्हापासून तो पार्सल फाटकावरून आत फेकायचा.

मग एके दिवशी हुकाच्या वळणावर एक चीर पडली. केसाएवढी. साहेबांचं पाण्याचं भांडं भरायला आलेल्या बायकोला ती दिसली.

"अहो, ही कडी बघा. चिरली आहे."

"कडी नाही, हूक म्हणतात त्याला."

"काही म्हणा. नवीन साखळी आणा."

"अगं, एवढ्याशा चिरेसाठी नवीन? थांब."

त्याने पिशवीतून तांब्याची उघडी तार काढली आणि चिरेवर गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटवून, पक्कडीने आवळून, टोकं आत दाबून. काम देखणं होतं, हे मला मान्य करावंच लागेल. "मी बांधलेली तार आजवर कुठे सुटली आहे?" तो म्हणाला.

तार सुटली नाही, हे खरंच आहे. पण त्या दिवसापासून चीर कुणाला दिसेनाशी झाली. आणि आणखी एक गोष्ट झाली. लोखंडाला तांबं चिकटलेलं असलं आणि तिथे सतत ओल असली की लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. पाण्याचं भांडं तर माझ्या शेजारीच होतं. साहेब पाणी प्यायचे, अंग झाडायचे आणि ओल तारेखाली जाऊन बसायची. बाहेरून तांब्याची नीट गुंडाळी दिसत होती. आत मी रोज थोडी थोडी कमी होत होते. मला हे सांगता येत नव्हतं. साखळीला फक्त खणखणता येतं, आणि ती खणखण सगळ्यांच्या सवयीची झाली होती.

चार महिन्यांनी टेलरताई आल्या. त्या दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करायच्या आणि या घरचे पडदे खालून दुमडून शिवायला घेऊन गेल्या होत्या. त्या फाटकाबाहेरच थांबल्या.

"वहिनी, पडदे आणलेत. कुत्रा बांधलाय ना?"

"बांधलाय, बांधलाय. या तुम्ही!" बायकोने आतून हाक दिली.

टेलरताईंनी माझ्याकडे पाहिलं. खांबापासून साहेबांच्या गळ्यापर्यंत मी नीट अडकवलेली दिसत होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि फाटक उघडलं. साहेब धावले. सातव्या पावलाला मी संपले नाही, मी तुटले.

त्यांनी उजवा हात चेहऱ्यासमोर धरला, म्हणून चेहरा वाचला. दात अंगठ्याच्या मुळाशी रुतले.

पुढचं मी जमिनीवर पडून पाहिलं. वायरमन धावत आला, त्याने साहेबांना ओढून मागच्या खोलीत कोंडलं. बायकोने टेलरताईंना न्हाणीघरात नेलं आणि साबण लावून हात वाहत्या नळाखाली धरला. नळ बराच वेळ वाहत होता. तेवढ्या वेळात वायरमन माझ्याजवळ आला, खाली बसला आणि पक्कडीने हुकावरची तार उलगडून खिशात टाकली. मग हूक बाहेरून फडक्याने पुसला.

त्या क्षणापासून माझा कुणावरच विश्वास उरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात बंद केलं. तो फ्यूज कोरडे राहावेत म्हणून तसल्या पाकिटात ठेवायचा. "पुरावा आहे हा. खराब माल दिला दुकानदाराने. जपून ठेवायला हवा," तो म्हणाला. मी कपाटात गेले. मला खरंच वाटू लागलं की दोष माझाच असेल. माझ्या ओतकामात बुडबुडा राहिला असेल. तो रोज असं काही बोलायचा की मी आणखी गोंधळायची. एके दिवशी म्हणायचा, बाईने साहेबांना डिवचलं असणार. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, तिच्या हातातल्या पडद्यांना ते घाबरले. साहेबांवर पालिकेच्या माणसांनी दहा दिवस नजर ठेवली. ते धडधाकट निघाले. त्यांच्या लशीचं कार्ड मात्र तिसऱ्या दिवशी सापडलं, आणि टेलरताईंच्या डॉक्टरने कार्डाची वाट न बघता त्यांना सुया सुरू केल्या होत्या. डॉक्टरही माझ्यासारखाच संशयी असावा.

मग वकीलबाईंची नोटीस आली. रात्रीचं जेवण सोडून वायरमन उत्तराची तालीम करू लागला.

"साखळी अचानक तुटली. आम्हाला काय कल्पना!"

"आणि तार?" बायकोने विचारलं.

"कुठली तार?"

बायको भरलं ताट उचलून आत गेली. तिच्या उठून जाण्याचा अर्थ मला लागेना.

ठरल्या दिवशी दोघं मला घेऊन या खोलीत आले. टेलरताई आधीच बसल्या होत्या. उजव्या हाताला पट्टी नव्हती, पण अंगठा सरळ, लाकडासारखा उभा होता. डॉक्टरने सांगितलं होतं की आतली नस जोडायची शस्त्रक्रिया महिन्याच्या आत झाली तर अंगठा वाकेल. उशीर झाला तर सांगता येत नाही. महिन्यातले नऊ दिवस उरले होते. अंगठा वाकला नाही तर कात्री धरता येणार नव्हती.

वायरमनने आधी एक कागद पुढे केला. "ताई, झालं ते वाईट झालं. माझ्याकडून औषधाचा खर्च घ्या, इथे सही करा, आपसांत मिटवू."

वकीलबाईंनी कागद वाचला. "यात लिहिलंय की यापुढे कुठलीही तक्रार करणार नाही. औषधाचा खर्च म्हणजे झाला तेवढाच? शस्त्रक्रियेचं काय? बंद पडलेल्या कामाचं काय?"

"तेवढं माझ्याने कसं होणार, मॅडम? माझी चूक असती तर गोष्ट वेगळी."

"बरोबर. तोच प्रश्न आहे." वकीलबाई टेलरताईंकडे वळल्या. "तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. जनावर सांभाळण्यात हयगय केली म्हणून पोलिसांत तक्रार. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा. त्याला वेळ लागतो. नाहीतर तडजोड, पण आपल्या अटींवर लिहिलेली. डॉक्टरचे कागद, जखमेचे फोटो, सुयांची नोंद तुम्ही सांभाळली आहे, हे फार चांगलं केलंत. आता सगळं एका गोष्टीवर अडतंय. धोका आहे हे यांना आधी माहीत होतं का?"

"नव्हतं!" वायरमन म्हणाला. "हा बघा पुरावा." आणि त्याने मला टेबलावर ठेवलं.

वकीलबाईंनी हूक उलटसुलट करून पाहिला. त्यांना काही कळलं असं मला वाटलं नाही. मग टेलरताईंनी डाव्या हाताने तो उचलला, उजेडाकडे धरला आणि तुटलेलं तोंड सावकाश फिरवून पाहिलं.

"मॅडम, हे दोन वेगळे रंग आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "कापड फाटून आलं की मी आधी कडा बघते. जुन्या फाट्याची कड मळकी असते, ताज्या फाट्याची स्वच्छ. गिऱ्हाईक म्हणतं आत्ताच फाटलं, पण कड खोटं बोलत नाही. इथे बघा. तुटलेल्या तोंडाचा एवढा मोठा भाग तपकिरी आहे आणि कडेचा हा चंद्रकोरीसारखा तुकडाच काय तो चकचकीत. म्हणजे त्या दिवशी एवढंच तुटलं. बाकीचं केव्हाच तुटलेलं होतं."

मित्रांनो, फ्यूजच्या त्या कोरड्या पाकिटाने माझी चकचकीत कड जशीच्या तशी ठेवली होती. वायरमनने मला फार नीट जपलं होतं.

"गंज काय, कपाटातही चढतो," तो म्हणाला.

"मग चकचकीत भागावर का नाही चढला, दादा? आणि या खाचांत हिरवं काय आहे?"

"शेवाळ असेल."

"लोखंडावर?" टेलरताईंनी नखाने खाच खरवडली. "असं हिरवं तांब्यालाच चढतं. तांब्याची तार होती इथे. गुंडाळीच्या खुणा आहेत. चार-पाच वेढे असतील, ढिले. ढिले होते म्हणूनच सुटले."

"ढिले?" वायरमन खुर्चीतून अर्धा उठला. "माझे वेढे ढिले? नऊ वेढे होते, पक्कडीने आवळलेले! एकही सुटला नव्हता. मला स्वतःला सोडवताना..."

तो तिथेच थांबला. बायकोने डोळे मिटून घेतले होते.

"सांगून टाका आता," ती हळू आवाजात म्हणाली. "मी 'या' म्हणाले म्हणून त्या आत आल्या. मला गेले कित्येक दिवस घास उतरत नाही. चिरली आहे म्हणून मीच तुम्हाला दाखवली होती."

वायरमन पुन्हा खुर्चीत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "साहेबांना काही करणार नाही ना तुम्ही?"

"कुत्र्याशी माझं भांडण नाही," टेलरताई म्हणाल्या. "हुकाला तार त्याने बांधली नव्हती."

नवा कागद वकीलबाईंनी लिहिला. त्यात शस्त्रक्रिया होती, बंद पडलेलं काम होतं, भक्कम नवी साखळी होती, आणि कबूल केलेलं पाळलं नाही तर बाकीच्या दोन्ही वाटा मोकळ्या राहतील हेही होतं. वायरमन सही करताना पेन नाही, पक्कड धरल्यासारखा हात आवळून बसला होता. 'ढिले' हा शब्द टेलरताई मुद्दाम बोलल्या की सहज, याची मला अजून शंका आहे.

शस्त्रक्रिया सहाव्या दिवशी झाली, असं मी वकीलबाईंच्या फोनवरून ऐकलं. पण ऐकलेल्यावर विश्वास ठेवायचं मी सोडून दिलं होतं. म्हणून मी वाट बघत राहिले.

गेल्या आठवड्यात टेलरताई या खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला आल्या. माप घेतलं, कापड टेबलावर पसरलं आणि कात्री काढली. मी श्वास रोखला, साखळीला रोखता येतो तेवढा. अंगठा कात्रीच्या कडीत गेला. तो वाकला. पूर्ण नाही, शेवटचं पेर अजून अडतं आणि मोठ्या कापानंतर त्या हात खाली सोडून थोडं थांबतात. पण कापड सरळ कापलं गेलं.

जाताना त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, ओळख दाखवायला. छे! त्यांनी मला बोटांवरून सरकवत एकेक कडी तपासली, मग खिळा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा खिळा ढिला झालाय. कुणाच्या तरी डोक्यात पडेल. आजच ठोकून घ्या."

इतक्या वर्षांत माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या दाराशी माझी एखादी बहीण बांधलेली असेल. तिचं कौतुक करू नका. रोज सकाळी पाण्याचं भांडं भरताना तिला उचला, हुकाचं वळण उजेडात धरा आणि बोट फिरवून बघा. चीर दिसली तर तिच्यावर काहीही गुंडाळू नका. आमच्यावर संशय घ्या. पलीकडे फाटकाबाहेर उभं असलेलं माणूस आमच्यावर विश्वास ठेवून आत येणार असतं.