खालच्या शेताला इस्त्री

माझे सासरे शेताला इस्त्री करतात. कपड्यांना नाही. त्यांच्या सदऱ्यावर मागच्या पेरणीची माती या पेरणीपर्यंत सुखाने नांदते. पण शेतात सुरकुती दिसली की त्यांना घास गोड लागत नाही. नांगरायचं, ढेकळं फोडायची, काडी न् काडी वेचून बांधाला पेटवायची आणि मग कमरेवर हात ठेवून असं उभं राहायचं, की त्या जमिनीवर कावळा उतरला तरी त्याने आधी पाय पुसावेत. अख्खं गाव पाठीमागे त्यांना ‘इस्त्री’ म्हणतं. मी मामंजी म्हणते.

अशा घरात मी कचऱ्याची योजना आणली.

योजना सरकारची. हवामानाचा काही भरवसा उरला नाही, तेव्हा जमीन नांगरू नका, उघडी टाकू नका, पिकाचं काड आणि पालापाचोळा जागच्या जागी पसरून ठेवा, म्हणजे ओल टिकते आणि माती तापत नाही. हे करून दाखवणाऱ्याला न नांगरता पेरणारं यंत्र सरकारकडून मिळणार होतं. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे आळशी माणसाचा सरकारी सत्कार.”

पण खालचं शेत सासूबाईंनी जाताना माझ्या नावावर केलेलं. जिवंतपणी त्यांच्यापुढे मामंजींचं काही चाललं नाही, मेल्यावर कुठलं चालायला? दोन वर्षं धुसफुसून, तपासणीची तारीख लागल्यावर शेवटी त्यांनी तह केला. “सरकारी माणसाने पास म्हटलं तर नांगर छपरात राहील. नापास म्हटलं, तर त्याच दिवशी ट्रॅक्टर घालीन. मग हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.”

मी मान डोलावली. कबूल करणं सोपं होतं. पण हे तिसरं वर्ष, आणि त्या मातीत आता बोटं घातली की मनगटापर्यंत जात होती. वर वाळकं काड, खाली गारवा, त्यात गांडुळांची लगबग. एकदा नांगर फिरला की ते सगळं उलथं होऊन उन्हात पडणार आणि मला परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. तीही करू दिली तर.

आता एक अडचण सांगायला हवी. माझं रोजचं व्रत आहे, सकाळी उठल्यापासून माध्यान्हीचा दिवा लावेपर्यंत मौन. घेतलं ते भक्तीने, टिकलं ते घरच्यांच्या आग्रहाने. म्हणून तपासणीसाठी मी मुद्दाम दुपारनंतरची वेळ मागून घेतली होती. योजनेच्या मॅडमचा तसा निरोपही आला होता.

त्या दिवशी गोठ्यातलं आवरून खाली गेले, तर मामंजी दंताळं घेऊन शेतात. अर्धं शेत त्यांनी झाडून काढलेलं! काडाचा ढीग बांधाला, आणि उघडी माती परीक्षेला निघालेल्या पोराच्या केसांसारखी चापूनचोपून बसवलेली.

माझ्या हातातली शेणाची पाटी खाली पडली.

“अगं, पाहुणे यायचेत,” मामंजी म्हणाले. “घरात केर ठेवून कुणी पाहुण्याला बोलावतं का? तुझ्या शेताची लाज ती आपल्या घराची लाज. त्या मॅडम बघून गेल्या की तुझं ते आच्छादन-बिच्छादन परत टाक हवं तर.”

जे बघायला मॅडम येणार, तेच मामंजींनी केर म्हणून काढलं होतं. मी दोन्ही हात हवेत उडवले, कपाळाला लावले, ढिगाकडे दाखवले.

“हो हो, तोही हलवतो मागे. धीर धर की जरा.”

मनात म्हटलं, देवा, एक शब्द बोलू दे. फक्त ‘थांबा’. देव काही बोलला नाही. त्याचंही बहुधा दुपारपर्यंत मौन असावं.

मग मी बांधाला टेकवलेला, काड उचलायचा काटा हातात घेतला आणि ढिगातलं काड परत पसरायला लागले. मामंजी एका टोकाकडून ओढताहेत, मी दुसऱ्या टोकाकडून टाकतेय. बांधावर ट्रॅक्टरवाला येऊन बसला होता. मामंजींनी त्याला निकालाआधीच बोलावून ठेवलं होतं. चाकावर पाय टाकून तो चहा पीत होता.

“काका, तुम्ही काढा, वहिनी टाकतील,” तो म्हणाला. “यालाच विकास म्हणतात.”

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. सरकारी गाडी उशिरा आल्याचं मी जन्मभर ऐकलं होतं. वेळेआधी आल्याचा मान आमच्या शेताला मिळाला.

योजनेच्या मॅडम उतरल्या. वयाने लहान, पायात चिखलाचे बूट, हातात फोन. मागोमाग आमचे हेही सायकलचं दुकान उघडं टाकून धावत आले. चाकाचं काही विचारलं असतं तर ह्यांनी तासभर सांगितलं असतं. शेतात मात्र हे पाहुण्यासारखेच येतात.

“लाभार्थी आपणच ना?” मॅडमनी मला विचारलं. “या शेतात शेवटची नांगरट कधी केली?”

मी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“तिचं मौन आहे,” हे म्हणाले.

“मौन?” मॅडमनी फोनवर बोट फिरवलं. “इथे तसा पर्याय नाही हो. ‘गैरहजर’ आहे, ‘आजारी’ आहे, ‘मयत’ आहे.”

“मयत नको,” हे घाईघाईने म्हणाले. “स्वयंपाक तीच करते.”

मी लिहून देते अशी खूण केली. मॅडमनी मान हलवली. “लिहिलेलं चालत नाही, बाई. एका गावात सगळ्या बायकांचं अक्षर एकच निघालं, आणि ते सरपंचांचं होतं. उत्तर तोंडी हवं. तुमचं, नाहीतर घरातल्या कुणाचं.”

“मी देतो की!” हे पुढे झाले. “नांगरट ना? आम्ही दरवर्षी मस्त खोल नांगरतो. तुम्ही काळजीच करू नका.”

मी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “हे मी बऱ्याच ठिकाणी बघते. शेत बाईच्या नावावर, पण बाईंना त्यातलं काही माहीत नसतं. मला तसंच धरावं लागेल. नावापुरती लाभार्थी.”

“काय म्हणालात?”

मामंजींनी दंताळं जमिनीवर आपटलं.

“नावापुरती? ही? अहो, तीन वर्षं हिने माझ्या घशाखाली सुखाचा घास उतरू दिलेला नाही! नांगराला हात लावू देत नाही. मागच्या वर्षी मी नांगर काढला, तर ही त्याच्यावर जाऊन बसली. तीही सकाळी! बोलता येत नव्हतं तर बसली!”

“म्हणजे तीन वर्षं नांगरट नाही,” मॅडमचं बोट चाललं. “पिकाचं काड जाळता का?”

“जाळायला काडेपेटी तर हाती लागली पाहिजे! देवापुढचा दिवा लावून झाला की लपवून ठेवते. शोधून शोधून थकलो.”

“मधल्या काळात जमीन झाकायला काही पेरता?”

“पेरते की ही! कसल्या कसल्या शेंगांचे वेल. माझ्या पायात अडकून मी दोनदा आपटलो. उपटू का म्हटलं, तर चार दिवस माझ्या ताटात मीठ नव्हतं.”

“गांडुळं दिसतात?”

“दिसतात?” मामंजींचा आवाज चिरकला. “जेवायला बसल्यावर ही त्यांच्या तब्येतीची हकिकत सांगते! माझे गुडघे कसे आहेत ते कधी विचारलं नाही.”

ट्रॅक्टरवाल्याने तोंडातला चहा गिळला की सांडला ते कळलं नाही. मॅडमचं बोट थांबायलाच तयार नव्हतं.

मग त्या झाडलेल्या बाजूला वळल्या आणि थांबल्या. “सगळं ठीक आहे. पण हे अर्धं शेत उघडं कसं?”

मला बोलता येत नव्हतं, ह्यांना माहीत नव्हतं, ट्रॅक्टरवाला आभाळात काहीतरी शोधू लागला.

मामंजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच पुरे होतं. शेत नापास, तह पूर्ण, ट्रॅक्टर दारात. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग आपण झाडलेल्या मातीकडे. खरं सांगायचं तर सुरेखच झाडलं होतं. मग माझ्याकडे. मी काटा धरून उभी होते.

“ते मी झाडलं,” मामंजी म्हणाले. “आज सकाळी.”

“कशाला?”

“तुम्ही येणार म्हणून.”

मॅडमनी बांधावरच्या काडाच्या ढिगाकडे पाहिलं. मग फोन खिशात ठेवला. “माझ्या घरी माझी सासूसुद्धा माझ्यासाठी कधी केर काढत नाही, काका.” घड्याळ पाहिलं. “पलीकडचं एक शेत बघून येते. परत येईपर्यंत हे होतं तसं झालेलं असलं, तर फोटो तेव्हाच काढीन.”

गाडी वळण घेईपर्यंत मामंजी पाठमोरे उभे होते. मग ओरडले, “बघताय काय? उचला!”

आम्ही चौघांनी काड पसरलं. ट्रॅक्टरवाल्यालाही मामंजींनी सोडलं नाही. “चहा प्यायलास ना? टाक मग.” ह्यांनी जिथे पाय ठेवला तिथलं सगळं परत करावं लागलं. आणि मामंजी मागून वाकून प्रत्येक काडी सरळ करत आले, सगळ्या एका दिशेला, केस विंचरल्यासारख्या.

मॅडम परत आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. “इतकं भांग पाडलेलं आच्छादन मी कुठे पाहिलं नाही,” म्हणाल्या. फोटो काढला. “पास.”

ट्रॅक्टरवाला चावी फिरवत म्हणाला, “मग मी?”

“तू नापास,” मामंजी म्हणाले. “जा घरी.”

मी घरी जाऊन दिवा लावला. काडेपेटी जागेवर ठेवली आणि परत खाली आले. मामंजी बांधावर कमरेवर हात ठेवून उभे होते, नेहमीसारखेच.

“बोल आता,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “सकाळपासून पोटात साठलं असेल.”

साठलं होतंच. मी शेताकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“गुडघे कसे आहेत, मामंजी?”

“ठीक आहेत,” ते जरा दचकून म्हणाले. “आणखी?”

“त्या कोपऱ्यात दोन काड्या आडव्या पडल्यात.”

माझं वाक्य संपायच्या आत ते कोपऱ्याकडे निघाले होते.