रक्त वाढवायची सुई

"वैजू, पोरीले एवढी सुई टोचून दे," पुंजाजींनी बहिणीला हाक मारली.

वैजयंतीबाई आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. अनसिंगला भावाकडे आल्या की घरातली इंजेक्शनं त्याच देत. त्यांनी बर्फातली कुपी उचलून नाव वाचलं.

"कायची हाय म्हने?"

"रक्त वाढवाची. पौर्णिमाच्या अकादमीतल्या सरांनी देल्ली. आठवड्यावर धावन्याची निवड चाचणी आली ना तिची!"

"रक्त कमी हाय का तिचं?"

"नाही. परवाच तपासलं, चांगलं हाय."

"मंग कायले वाढवतं?"

पुंजाजी हसले. "घ्या! तुमीच तं गावभर बायाइले धरून धरून रक्ताच्या गोळ्या चारता!"

"ज्याइले कमी हाय त्याइले देतो, दादा. ही सुई दुखनाइतासाठी हाय. धडधाकट पोरीले देल्ली तं रक्त घट्ट होते, काळजावर येते. आन् तपासनीत सापडली तं बंदी पोरीवर. सर मोकळे!"

पुंजाजींचा चेहरा उतरला. ते सुईला गोळीचीच बहीण समजले होते.

कोपऱ्यात बूट पुसत बसलेली पौर्णिमा हळूच म्हणाली, "मले मालूम होतं, आत्या. सर म्हनले, घेत नसशीन तं अकादमीतून नाव काढतो. बाकीच्या घेतात म्हने."

दोन वर्षं ती पहाटे उठून धावत होती. राज्य स्पर्धेत नंबर आला, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क सांगता येणार होता. पुंजाजींना तेच दिसत होतं.

"सगळ्याच घेत असतीन," ते चाचरले, "तं एकट्या माह्या पोरीनं काहून मागं राहावं?"

वैजयंतीबाईंनी कुपी खाली ठेवली. "दादा, औंदा शंकरपटाच्या शर्यतीत तुह्या जोडीच्या पुढं गेलेल्या बैलाले सुई टोचली, म्हून कोन बोंबललं होतं?"

"मीच."

"काय म्हनला होता?"

पुंजाजी खालच्या आवाजात म्हणाले, "म्हनलो होतो... बैल नाही धावला, सुई धावली!"

स्वतःचेच शब्द! बैलासाठी त्यांनी अख्खा पट डोक्यावर घेतला होता. आणि आज पोटच्या पोरीचा दंड पुढं करून बसले होते!

"फोन लाव तुह्या सराले," ते उठले.

पौर्णिमाने फोन लावला, पण बापाच्या हाती दिला नाही. "सर, मी सुई घेत नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी वाक्य पुरं झालं.

अकादमीतून तिचं नाव गेलं. कुपी आणि तक्रार वैजयंतीबाईंनी जिल्हा संघटनेकडे पोहोचवली. चौकशी सुरू आहे. चाचणीला पुंजाजीच तिला एसटीने घेऊन गेले. पौर्णिमा चौथी आली. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या जिल्हा संघात तिघींनाच जागा होती.

परतल्यावर पुंजाजींनी पट जिंकल्यासारखा तिच्या कपाळी गुलाल लावला. शेजारचे देवानंद ओरडले, "काय भाऊ, चवथ्या नंबरले गुलाल?"

"माही पोरगी धावली ना बापा! सुई नाही धावली."

पौर्णिमा रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा रस्त्यावर होती.

मित्रहो, पोर मैदानावरून घरी आलं की आपण आधी विचारतो, "नंबर कितवा?" कोणी तरी सुई भरतो तो याच प्रश्नाच्या भरवशावर. नंबर पुढच्या वर्षीही मिळेल. लेकरू पुन्हा मिळणार नाही. तेव्हा आधी विचारू या, "कशी धावलीस, बाई?"