धक्क्यावरची हाक

ताईचा आवाज तसा काही गोड नव्हता. घोगरा होता, आणि वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा. लहानपणी ती गाणं म्हणायला उभी राहिली की घरातल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवायचं. पण मेंढ्यांना तो आवाज भारी आवडे. सकाळी खुराकाची बादली काखेत धरून ती कुंपणाशी उभी राहायची आणि "या गं या, माझ्या बायांनो, याऽऽ" अशी हाक घालायची. की टेकडीपलीकडून अख्खा कळप धुरळा उडवत यायचा. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, तू निवडणुकीला उभी राहा. पुढाऱ्यांनासुद्धा इतकी गर्दी जमत नाही."

कळप नावाला भावाचा. खस्ता सगळ्या ताईच्या. आई टाकून गेलेली कोकरं तिने स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ठेवून बाटलीने वाढवली होती. मोठी झाली की ती विकायची, आणि विकली की कापली जायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल तिने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. विकायच्या दिवशी मात्र ती सकाळचा खुराक थोडा जास्त घालायची आणि मग दिवसभर कुणाशी फारसं बोलायची नाही.

मग जहाजाचा एजंट आला. उंच, हसतमुख, बोलणं असं की समोरच्याच्या गळी केव्हा उतरलं ते कळू नये. समुद्रापलीकडे जिवंत मेंढ्यांना मोठी मागणी होती आणि तो गावोगावचे कळप गोळा करत होता. भावाने मेंढ्या द्यायचं कबूल केलं आणि पहिल्या खेपेला ताईलाही बरोबर घेतलं. "तुझ्या लाडक्या जहाजात बसणार आहेत. टाटा करायला चल."

बंदरावर मेंढ्या अडल्या. जहाजात चढायच्या रॅम्पचा पत्रा पायाखाली वाजत होता, फटीतून खालचं पाणी हलताना दिसत होतं, आणि वर दारात मिट्ट काळोख. पहिल्या मेंढीने चारी पाय रोवले. मागच्या तिच्यावर आदळल्या. दोघा कामगारांनी करंटच्या काठ्या काढल्या आणि पाठीला लावायला सुरुवात केली. एक मेंढी गुडघ्यांवर कोसळली, तिथेच मुतली, तरी पुढे सरकेना.

"अहो, थांबवा ते!" ताई ओरडली. "मला वर जाऊ द्या."

ती अंग चोरून कडेकडेने वर चढली, दारात वळून उभी राहिली आणि तिने हाक घातली. खालचा गलका थांबला. पहिल्या मेंढीने कान टवकारले, पत्र्यावर एक पाय टाकला, मग दुसरा. मग बाकीच्या. ताईच्या दोन्ही बाजूंनी त्या आत गेल्या, कित्येक तर तिला अंग घासून. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. एजंट म्हणाला, "ताई, तुमच्या गळ्यात जादू आहे हो. आमच्याकडे कामाला या."

ताई गेली. आणि खरं सांगायचं तर मिरवत गेली. परक्या कळपांना तिची ओळख नसे. म्हणून जहाज लागायच्या आधी काही दिवस बंदरामागच्या आवारात ती त्यांना स्वतःच्या हाताने खुराक घाली, हाक देई. मेंढी बिचारी, दोन-चार वेळा पोटभर मिळालं की जन्माची ओळख धरते. चढवायचा दिवस उजाडेपर्यंत त्या सगळ्या ताईच्या झालेल्या असत. काठ्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या. घरी आली की ती भावाला सांगायची, "एकीलासुद्धा काठी लागू दिली नाही आज."

दारापलीकडे ती कधी गेली नाही. एजंटने मोबाईलवर फोटो दाखवले होते, पांढरे रंगवलेले कप्पे, ताजं गवत. तिने ते बघितले आणि "छान आहे की" म्हणाली.

उन्हाळ्याच्या ऐन भरात एक जहाज निघालं आणि काही दिवसांत माघारी आलं. एजंटची गाडी दुपारी दारात उभी राहिली. "ताई, आत्ताच्या आत्ता चला. मेंढ्या उतरवायच्यात. त्या कुणाचं ऐकेनात."

धक्क्यावर जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, तोंडाला मास्क, डोळे लाल. त्यांनी ताईच्या हातात एक मास्क ठेवला आणि म्हणाल्या, "वारा पडला, उकाडा वाढला, आणि खालचे पंखे बंद पडले. आत जपून या. पाय घसरतात."

ताई पहिल्यांदा त्या दाराच्या आत गेली. जिना उतरताना मुताचा वास डोळ्यांत असा झोंबला की तिला कठडा चाचपावा लागला. वरच्या मजल्यावर निदान झरोके होते. सगळ्यात खाली काहीच नव्हतं, फक्त डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या विजेरीचा उजेड. छत इतकं ठेंगणं की मान वाकवून उभं राहावं लागे. जमीन दिसतच नव्हती. शेणामुताचा ऊन ऊन चिखल झाला होता आणि मेंढ्या त्यात पोटापर्यंत माखल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. ओरडायलाही श्वास लागतो. तोंडं उघडी, जिभा बाहेर, माना वर ताणलेल्या, आणि सगळ्यांच्या कुशी एकदम भात्यासारख्या हलत होत्या. ज्या उभ्या होत्या त्यांतल्या काही मेलेल्यांच्या अंगावर उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी ताईच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने कशीबशी हाक घातली. अर्धीच. "या गं..."

कान वळले. त्या काळोखात, त्या चिखलात, जिवंत होता तेवढा प्रत्येक कान तिच्याकडे वळला. भिंतीशी बसलेल्या एका मेंढीने पुढचे पाय रोवले, मागचे उचलेनात, पुन्हा रोवले. जवळच्या रखडत रखडत आल्या आणि त्यांनी तिच्या हातांत तोंडं खुपसली. नाकं कोरडी, तापलेली. त्या खुराक शोधत होत्या. आणि ताई रिकाम्या हातांनी आली होती. बादली आणायचं तिला सुचलंच नव्हतं. तिने हात मागे घेतले तर त्यांनी तिचा पदर हुंगला.

"तुम्हाला ओळखतात वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी," ताई म्हणाली. काळोख होता आणि कुणाला आपलं तोंड दिसत नाही, एवढंच तिला बरं वाटलं.

ज्या चालू शकत होत्या त्या उतरल्या. आवारात ताईने नळीने त्यांची अंगं धुतली, पाणी पाजलं, सावलीला ताडपत्री बांधली. तरी सकाळी उठून पाहावं तर काही आडव्या पडलेल्या असत. एजंट रोज फेरी मारायचा, रुमाल नाकाला. एकदा म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निभावलं बघा, ताई. पंख्यांचं काम झालंच आहे. जरा बाळसं धरू दे यांना, मग पुन्हा चढवू."

ताईला आधी कळलंच नाही. "कुणाला चढवू?"

"यांनाच. पलीकडे लोक वाट बघतायत."

"मी हाक घालणार नाही."

एजंटचं हसू तसंच राहिलं. "मग काठ्या काढाव्या लागतील. मला काय हौस आहे का, सांगा बरं?"

ती हातातली नळी तिथेच टाकून घरी निघून गेली.

घरी भावाने सगळं ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता. ताट बाजूला सारून तो म्हणाला, "अगं पण कापायलाच चालल्या होत्या ना? तू काय समजून होतीस, सहलीला नेतायत?"

"कापतात ते मला कळतं. मी काही दूधखुळी नाही. पण त्याआधी त्यांचे असे हाल होतात, हे ठाऊक नव्हतं मला."

"ठाऊक नव्हतं, की विचारलं नव्हतंस?"

तो टोचून बोलला नव्हता. खरंच विचारत होता. ताई उठली आणि खरकटी भांडी घेऊन मोरीकडे गेली. बराच वेळ ती एकच पातेलं घासत राहिली. तिला आठवत होतं, जहाजावरून परतलेला एक कामगार कधीतरी धक्क्यावर म्हणाला होता, "ताई, खाली फार वाईट असतं हो." आणि तिने "असेल बाबा" म्हणून विषय बदलला होता. त्या दिवशी तिचं कौतुक करायला एजंट मिठाई घेऊन आला होता.

जहाज भरायच्या दिवशी तिला घरात बसवेना. थांबवता तर येणार नव्हतं, निदान काठ्या चालवणाऱ्यांच्या समोर उभं राहावं, एवढंच मनात घेऊन ती बसने बंदरावर गेली. फाटकाशी पोचते न पोचते तोच तिच्या कानावर हाक आली.

"या गं या, माझ्या बायांनो, याऽऽ"

तिचाच आवाज. घोगरा, शेवटी चिरकणारा. रॅम्पच्या वर कर्णा बांधला होता. कधीतरी आवारात ती खुराक घालत असताना एजंटच्या माणसाने मोबाईलवर टिपून ठेवलेला तो आवाज. ती काम सोडून गेल्यापासून खुराकाच्या वेळी तोच लावत होते. एक हाक संपली की लगेच दुसरी, अगदी पहिलीसारखीच. आणि मेंढ्या चढत होत्या. त्याच मेंढ्या, ज्यांनी ते दार आतून पाहिलं होतं. दाराशी येऊन त्या थबकायच्या, अंग थरथरायचं, मागे वळू बघायच्या. वरून हाक यायची आणि त्या आत जायच्या.

एजंट तिला बघून पुढे आला. "बघा! एकसुद्धा काठी नाही. तुमच्याच आवाजामुळे. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, तेच वाईट होतं. काठी नाही, हेच वाक्य तिने घरी भावाला कितीदा तरी ऐकवलं होतं. तिच्या कानशिलांत ऊन ऊन रक्त चढलं. वाटलं, इथल्या इथे धक्क्याच्या भेगेत शिरावं.

त्याऐवजी ती रॅम्पवर चढली. हे तिने ठरवून केलं नाही, पाय निघाले. मध्यावर जाऊन ती उभी राहिली. मेंढ्यांनी तिला पाहिलं आणि चढायच्या थांबल्या. वरच्या कर्ण्यापेक्षा त्यांना समोरची बाई खरी वाटली. त्या तिच्याभोवती दाटल्या आणि रॅम्प वरपासून खालपर्यंत तुंबला.

"ओ बाई, उतरा खाली!" कामगार ओरडले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. ताई त्यांनाच म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज चिरकला नाही, "पंखे दुरुस्त झालेत ना? मग लावून दाखवा. सगळे. अगदी तळातलेसुद्धा."

"काल तपासलेत," एजंट म्हणाला.

"कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी खाली बघितलं. वरच्या मजल्यांचे त्यांनी तपासले होते. तळात जायच्या वेळी त्यांच्या खात्यातल्या साहेबांचा फोन आला होता की जहाजाला उशीर होतोय. त्यांनी मास्क तोंडावर ओढला. मग म्हणाल्या, "तो कर्णा बंद करा आधी. आणि पंखे लावा. मी खाली जाते."

त्या बाहेर येईपर्यंत ताई मेंढ्यांच्या गराड्यात उभी होती. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. "तळातला एकच पंखा फिरतोय," त्या एजंटला म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर एकही जनावर जाणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल."

नोकरी गेली नाही. खालचा मजला रिकामा राहिला आणि रॅम्पवरच्या मेंढ्या आवारात परतल्या. पण ज्या आधीच वर चढल्या होत्या त्यांना कुणी उतरवलं नाही. संध्याकाळी त्यांना घेऊन जहाज सुटलं.

बातमी फुटली. एक बातमीदार घरी आला आणि ताईला मेंढीच्या गळ्यात हात टाकून उभं राहा म्हणाला. तिने त्याला पाणी दिलं, फोटो दिला नाही. भाऊ म्हणाला, "अगं, चांगलं काम केलंस तर लपवतेस काय?"

"पंखे लावून दाखवा, एवढंच तर म्हणाले," ताई म्हणाली. "ते पहिल्या दिवशी म्हणता आलं असतं."

भावाने जहाजाला मेंढ्या देणं बंद केलं. ताईसाठी केलं, पटलं म्हणून नव्हे, आणि तसं त्याने बोलूनही दाखवलं. बाकीच्या गावांचे कळप जातच राहिले. कर्णाही पुन्हा लागला. आवाज तिचा असला तरी तो बंद करवणं तिच्या हातात नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला तपासणीला बरोबर घ्यायला सुरुवात केली. जहाज लागलं की ताई सगळ्यात आधी तळाच्या मजल्यावर उतरते. प्रत्येक पंख्यापुढे तळहात धरते, पाण्याच्या नळ्यांना तोंड लावून बघते, गवतात हात घालून खालची जमीन ओली आहे का चाचपते. काही खोट निघाली की तिला जिवात जीव आल्यासारखं होतं. मग ती मोठ्याने भांडते आणि काम थांबवते.

पण कधी कधी खोट निघत नाही. पंखे सगळे फिरत असतात, पाणी असतं, गवत कोरडं असतं. ते दिवस तिला सगळ्यात जड जातात.

"काय ताई, कसं आहे खाली?" डॉक्टरीणबाई जिन्यावरून विचारतात.

ताई पंख्यापुढचा तळहात काढून घेते. "चालू आहेत," म्हणते. ठीक आहे, असं ती कधी म्हणत नाही. मग वर येते आणि मेंढ्या चढायच्या आत, कुणाच्या नजरेला नजर न देता, मागच्या फाटकाने निघून जाते.