कृपया हात लावू नये

मित्रांनो, विरारच्या एका महाविद्यालयात चित्रपट-अभ्यास नावाचा विभाग आहे. तिथे दारातून आत आलात की डाव्या हाताला काचेचं कपाट दिसेल. त्या कपाटात दोन्ही हात वर करून बसलेला जो हिरवा, जुना प्रोजेक्टर आहे, तो मी. माझ्यासमोर एक पाटी ठेवली आहे : 'कृपया हात लावू नये'. मला धुळीचा राग येत नाही, झुरळांचाही येत नाही, पण त्या पाटीचा येतो. मोठ्यांना सांगून काही उपयोग झाला नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

मी सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर. म्हणजे माझ्यातून जाणारी फिल्म तुमच्या अंगठ्याएवढी रुंद. परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लाकडी पेटीत बसून मी बोटीने मुंबईला आलो. तिथून मला पापडी गावच्या फ्रेडरिकने आणलं. फ्रेडरिक शाळांमध्ये, चर्चच्या आवारात, वाड्यांमधल्या अंगणांत सिनेमे दाखवायचा. खेळाआधी तो फिल्म ओढणारा माझा प्रत्येक दात मऊ ब्रशने साफ करायचा, तेलाचा एक थेंब सोडायचा आणि म्हणायचा, "चल रे बाबा, लोक बसलेत." फिल्म तुटली की पोरं बोंब ठोकायची, ती जोडली गेली की टाळ्या वाजवायची. मला तेवढं कौतुक पुरत असे.

फ्रेडरिकला मार्था नावाची बहीण. तिच्या लग्नात गावातल्या फादरांनी आपल्या कॅमेऱ्यावर एक छोटी फिल्म काढली होती. पावणेतीन मिनिटांची, आवाज नसलेली. त्यात मार्थाची आई होती. पुढच्याच वर्षी ती आई वारली. घरात तिचा धड एक फोटो नव्हता, होती ती एवढी फिल्म. मग दरवर्षी आईच्या नावाची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की घरची माणसं चर्चमधून परत यायची, खिडक्या लावून घ्यायची आणि फ्रेडरिक ते रीळ माझ्यावर एकदा चालवायचा. एकदाच. पन्नास वर्षांत त्यांचा हा नेम चुकला नाही.

फ्रेडरिक गेला. मला चालवणारं घरात कुणी उरलं नाही. तेव्हा मार्थाने मला आणि त्या रिळाला या विभागाच्या हवाली केलं. तिची एकच अट होती.

"वर्षातनं एकदा, आयच्या मिसाच्या दिवशी चालवा. मी येईन बघायला."

विभागाचे प्रमुख देवेंद्र सर. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मावशी, शब्द देतो."

पहिल्या वर्षी मार्था आली. सर म्हणाले, "पट्टा बदलायचाय." दुसऱ्या वर्षी आली. सर म्हणाले, "डिजिटल करून घेणार आहोत, थोडं थांबा." दोन्ही वेळा तिला चहा मिळाला, आई नाही मिळाली. मी काचेआडून बघत होतो, आणि माझं काही चालत नव्हतं.

मग या लोकांनी केलं काय? तर चर्चा! दर शुक्रवारी दुपारी एम.ए.च्या मुलांचं प्रगत चर्चासत्र भरतं. प्रत्येकाने वीस मिनिटं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे. तीन वर्षं विषय एकच : 'प्रक्षेपण यंत्र आणि त्याची भौतिकता'. यंत्र म्हणजे मीच. माझ्या कपाटावरून चहाचे कप इकडून तिकडे जायचे आणि तोंडाने माझ्या भौतिकतेची चर्चा चालायची. माझ्या आवाजावर एकाने बारा पानं लिहिली. तो आवाज त्याने कधी ऐकला होता? भिंतीतला प्लग माझ्या वायरच्या शेपटीपासून दोन हातांवर होता! दसऱ्याला मात्र हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे. एक पाकळी माझ्या घशात अडकली, ती वर्षभर तशीच.

रिळाचीही तीच गत. परेश नावाच्या हुशार विद्यार्थ्याने ते जेमतेम हातभर उलगडलं, खिडकीसमोर धरलं आणि एका फ्रेमचा मोबाईलवर फोटो काढला. त्यात मार्थाची आई तळहात कॅमेऱ्यापुढे धरून उभी होती. झालं! परेशने निबंध लिहिला, 'नकाराचा हात'. गावातली बाई कॅमेऱ्याला नाकारते आहे, ती परक्या नजरेविरुद्ध उभी आहे, वगैरे. सरांना तो फार आवडला. पाठोपाठ आणखी चार निबंध आले. पुढची फिल्म बघावी असं एकालाही वाटलं नाही. रीळ डब्यात आंबत होतं. झाकण उघडलं की लोणचं बिघडल्यासारखा वास यायचा. जुनी फिल्म अशी मरते मित्रांनो, आधी वास सुटतो, मग ती आकसते, आणि मग माझ्या दातांत बसेनाशी होते.

यंदा विभागाने मोठं चर्चासत्र ठेवलं. नेमका मिसाचाच दिवस. मार्थाला पाहुणी म्हणून बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. ती वळली तर भिंतीवर तिच्या आईचं पोस्टर. हात वर केलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नकाराचा हात'.

"हे काय लिवलंय?" मार्थाने विचारलं.

परेशने नम्रपणे समजावून सांगितलं.

"माझी आय कुणाला नको म्हणत नाहीये."

देवेंद्र सर हसून म्हणाले, "मावशी, हे एक वाचन आहे. प्रतिमेची अनेक वाचनं असू शकतात."

"वाचन ठेवा बाजूला. पुढची फिल्म बघितली का कुणी?"

तीस माणसं बसली होती. सगळ्यांनी हातातले कागद चाळायला घेतले. खरं सांगतो, माझ्यात तेल असतं तर ते उकळलं असतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ऋतिका उठली. फुलपाड्याची ही मुलगी चर्चासत्रात फारसं बोलत नसे. ती म्हणाली, "सर, आत्ता बघू या ना."

"अगं, मूळ प्रत आहे. मोटरने ओढली तर तुटेल. दिव्याने जळेल."

"मग मोटर नको आणि दिवाही नको. बाजूला ती मूठ आहे ना, हळूहळू हाताने फिरवू. उजेडाला मोबाईलचा टॉर्च."

सरांनी पाटीकडे पाहिलं, मग मार्थाकडे. कपाटाचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं.

मला टेबलावर ठेवलं. आता फिल्म भरायची कशी? तीन वर्षं माझ्यावर निबंध वाचणाऱ्यांपैकी एकालाही ते येत नव्हतं! मार्थाने शाल खुर्चीवर टाकली आणि पुढे आली. भावाचे हात तिने पन्नास वर्षं पाहिले होते. "वर दोन बोटांचा वळसा सोडायचा, खाली पन दोन बोटांचा. ताणायची नाय." तिने माझ्या घशातली झेंडूची पाकळी नखाने काढली. फिल्म आकसली होती, दातांत कशीबशी बसली. मी श्वास रोखून धरला.

खिडक्या लावल्या. ऋतिका मूठ फिरवू लागली. दिव्याच्या जागी ठेवलेल्या टॉर्चचा उजेड एवढासा, पडद्यापर्यंत पोचेना. परेशने हातातला निबंध उलटा केला आणि त्याची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. दुसऱ्या हातात त्याचा मोबाईल होता, तो सगळं टिपत होता.

त्या कागदावर आई आली. हात वर. तळहात पिठाने माखलेला. वडे थापता थापता ती उठून आली होती. ती काहीतरी बोलली आणि पळाली. रिकामं अंगण. एक कोंबडी. मग ती परत आली, हात धुतलेले, पदर नीट केलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली आणि खुदकन हसली.

"थांबा, अशी नको, मी येते, असं म्हणाली ती फादरना," मार्था म्हणाली. "तिला फिल्ममध्ये यायचं होतं रे."

परेशने कागद थोडा पुढे सरकवला, आईचं हसू स्पष्ट झालं.

फिल्मचं शेपूट सुटलं. ऋतिकाने विचारलं, "मावशी, पुन्हा लावू?"

"नको. झिजेल ती. आता मोबाईलवर बघेन." आणि देवेंद्र सरांकडे वळून मार्था म्हणाली, "पुढच्या वर्षी मी परत येनार."

सरांनी या वेळी छातीवर हात ठेवला नाही. त्यांनी खुर्चीवर चढून पोस्टर उतरवलं आणि रीळ वाचवणाऱ्या प्रयोगशाळेला तिथल्या तिथे फोन लावला. ती पाटी मात्र अजून माझ्यासमोर आहे, आणि माझा रागही आहे.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, निबंध लिहाल, माझ्यासारख्या जुन्यापान्यांवर चर्चा कराल. खुशाल करा. पण आधी आम्हाला पुसा, तेल घाला, एकदा चालवून बघा. आणि एखाद्या बाईने तुमच्यापुढे हात वर केला, तर लगेच त्याचा अर्थ लावू नका. ती हात धुऊन परत येईपर्यंत थांबा.