कळलावी म्हणाले मला

मी एंटरची कळ बोलतेय. आधी तक्रार सांगते, मग बाकीचं. माझ्यावर कुणी म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. मी एकदाच वाजले होते. एकदा दाबलं, एकदा खाली गेले, एकदा वर आले. तरी सगळे म्हणाले, ही दोनदा लागते. कीबोर्डवरच्या बटणाला आपल्यात कळ म्हणतात, म्हणून माझं नाव ठेवणं सोपंच गेलं त्यांना. कळलावी म्हणाले मला.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, गार झालं, अंगावर एक वाकडा बाण छापला, झालं बारसं. बुडाखाली रबराची टोपी दिली आणि सगळ्या बहिणींबरोबर एका पाटावर बसवलं. तिथेच माझी जळफळ सुरू झाली. अजून चालू आहे.

का नाही जळणार? ए दाबली की पडद्यावर ए दिसते. चार दाबला की चार दिसतो. ज्याचं त्याचं तोंड ज्याला त्याला दिसतं. मला दाबलं की काय दिसतं? काही नाही. काम माझ्यावाचून पुढे सरकत नाही, पण माझी खूण कुठे उरत नाही.

अक्षरांचं एक वेळ सोडा, ती बिचारी शिकलेली. पण ती खालची स्पेसबार? मी तिला लांबोडी म्हणते. तिला दाबलं की रिकामी जागा उमटते. रिकाम्या जागेसाठी एवढी ऐसपैस बैठक, आणि दोन्ही हातांचे अंगठे तिच्या सेवेला. मला करंगळी. कामाला करंगळी आणि रागाला अख्खी मूठ. माणसाचं काही चुकलं की तो लांबोडीला मारत नाही, मला मारतो. हे मी पुष्कळ माणसांत पाहिलंय.

खोक्यातून बाहेर निघाले ती थेट बेंगळूरात, राजाजीनगरात. तिथे श्रीधररावांचं साड्यांचं दुकान. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही. दुकानाच्या माडीवर सुधींद्र नावाच्या तरुण मास्तरानं कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता. चौऱ्याण्णव-पंचाण्णव सालची गोष्ट. तेव्हा गल्लोगल्ली असल्या वर्गांच्या पाट्या लागत होत्या. थाट देवघरासारखा. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि संध्याकाळी आम्हां सगळ्यांवर शिवलेली खोळ.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, श्रीधररावांची बायको पुष्पावती ताट घेऊन माडीवर आली. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून. दुकानातल्या कात्र्या, गज, वजनकाटा यांची पूजा झाली होती, आता आमची पाळी. पडद्याला गंध लावलं, पेटीला लावलं, आणि कीबोर्डपाशी आली तेव्हा तिचं बोट सरळ गेलं लांबोडीकडे. मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा, वर शेवंतीचं फूल. मी वाट बघत बसले. ताट उचलताना जे चार कण सांडले, ते माझ्या फटीत गेले. मान तिला, सांडलवंड मला.

आता शिल्पाश्रीचं सांगते. ही पुष्पावतीची सून. सकाळी दुकानात साड्यांच्या घड्या घालायची आणि दुपारी माडीवर येऊन सी शिकायची. सी म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. पोरगी हुशार. सुधींद्रच्या मनात होतं की गल्लीतल्या बायकांसाठी एक वेगळा वर्ग काढावा आणि तो शिल्पाश्रीनं शिकवावा. पण सासूनं अट घातली. मला समोर चालवून दाखव, म्हणाली. चाललं तर खुशाल शिकव बायकांना. नाही चाललं तर दुपारचं माडीवर जाणं बंद, खाली दुकानात बसायचं. नवरा मधे पडला नाही. पुष्पावतीच्या घरात मधे पडायची कुणाची छाती नव्हती.

शिल्पाश्रीला तो वर्ग किती हवा होता, ते मला विचारा. वर्ग सुटला तरी तिची करंगळी माझ्यावरून उठायची नाही.

तिनं प्रोग्राम लिहिला तो आपल्या दुकानाचाच. कॉम्प्युटर आधी विचारणार, किती साड्या? आकडा लिहायचा, मला दाबायचं. मग विचारणार, काठ कुठला? मोठा असेल तर एम, लहान असेल तर एल. मग तो हिशेब सांगणार. एवढंच.

पण झालं भलतंच. शिल्पाश्रीनं चार लिहिला, मला दाबलं. पडद्यावर काठाचा प्रश्न आला आणि उत्तराला न थांबताच खाली ओळ उमटली: असा काठ आमच्याकडे नाही.

परत केलं, परत तेच. सुधींद्रनं येऊन पाहिलं आणि लगेच निदान केलं. एंटर दोनदा लागतेय, म्हणाला. एकदा साड्यांना, एकदा काठाला. मला उचकटून काढलं तर बुडाशी कुंकू. झालं, पुरावाच सापडला. कापसानं, स्पिरिटनं मला घासून काढलं, परत बसवलं. तरी तेच. मग त्याचं बोट शिल्पाश्रीकडे वळलं. तू घाबरतेस, म्हणाला, घाबरून दोनदा दाबतेस.

ती म्हणाली, "सर, मी एकदाच दाबलं."

माझ्या मनातलं बोलली. पण तिचं ऐकलं नाही, मग माझं कोण ऐकणार?

सासूला दाखवायच्या दिवशी, तो दुकानाच्या सुट्टीचा दिवस, सुधींद्रनं शेवटचा उपाय केला. मला पाटासकट काढून बाजूच्या स्टुलावर ठेवलं, वायर लोंबकळत, आणि शेजारच्या टेबलावरचा कीबोर्ड आणून माझ्या जागी जोडला. त्यावर दुसरी एंटर. दुप्पट रुंद, कोरी करकरीत, अंगावरचा बाण ठळक. सवतच ती. माझ्या घरात, माझ्या पडद्यासमोर, माझ्या शिल्पाश्रीच्या करंगळीखाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकच मागणं मागितलं: हिचंही तोंड काळं होऊ दे.

श्रीधरराव आणि पुष्पावती खुर्च्यांवर बसले. शिल्पाश्रीनं चार लिहिला, सवतीला दाबलं.

असा काठ आमच्याकडे नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, बुडाखालची रबराची टोपीसुद्धा हसली. पण पुष्पावती ताडकन उठली.

"मी अजून तोंड उघडलं नाही, आणि हा मेला डबा माझ्या दुकानात काठ नाही म्हणतो? दोन डोक्यांच्या गंडबेरुंड पक्ष्याचा काठसुद्धा आहे आमच्याकडे."

सुधींद्र खालच्या आवाजात म्हणाला की हिनं परत दोनदाच दाबलं.

"ऊठ," पुष्पावती सुनेला म्हणाली. "तुझा हातच चळवळ्या. भाकरी थापतानाही असंच करतेस. मी दाबते."

ती बसली. एका बोटानं चार शोधला, लिहिला. मग एंटरवर बोट ठेवून, दात आवळून, दरवाजाची कडी लावावी तसं एकदा दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. मी स्टुलावरून बघत होते. एकदाच दाबलं बाईनं.

असा काठ आमच्याकडे नाही.

सुधींद्रच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अक्का, तुम्हीसुद्धा दोनदा दाबलंत."

श्रीधरराव छताकडे बघायला लागले. त्यांना बायको ठाऊक होती.

"मेष्ट्र," पुष्पावती मास्तराला म्हणाली, आणि इतक्या हळू म्हणाली की भीती वाटावी. "मी दुकानात बसून केस पिकवले. मला एक आणि दोन कळत नाही?"

"तसं नव्हे अक्का..."

"मी एकदा दाबलं. एकदाच." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू गं? किती वेळा दाबत होतीस?"

"एकदाच, अत्ते. पहिल्यापासून."

पुष्पावती तिच्याकडे बघत राहिली. आपण खरं सांगतोय आणि समोरचा मान हलवतोय, हे काय असतं ते तिला त्या घटकेला कळलं असावं. सून आठवडाभर जे बोलत होती ते तिच्या कानात आत्ता शिरलं.

"म्हणजे आपण दोघी खोट्या आणि हा डबा तेवढा हरिश्चंद्र? सरी, ठीक आहे. मग शोध. मी बसलेय इथे, कुठे जात नाही."

शिल्पाश्रीनं डोळे पुसले आणि पहिलं काम काय केलं असेल? स्टुलाकडे आली, मला उचललं. "मला हीच सवयीची आहे," म्हणाली, आणि सवतीला काढून मला जोडलं. आता जळून दाखव म्हटलं तरी मी जळले नसते. निदान घटकाभर.

ती स्वतःशीच बोलत होती. कळ बदलली, बोट बदललं, तरी तेच. म्हणजे चूक दाबण्यात नाही. मग काठाच्या जागी अक्षर म्हणून आत गेलं तरी कोण? कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक कळीला एक आकडा असतो. तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: जे कोण आत गेलंय, त्याचा आकडा दाखव.

चार लिहिला. मला दाबलं. पडद्यावर आकडा आला, दहा.

"दहा म्हणजे एंटर," सुधींद्र म्हणाला. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"एंटरच आहे सर, पण दुसरी नव्हे. ही पहिलीच, चारच्या मागून आलेली." शिल्पाश्री हळूहळू बोलत होती, जिना उतरताना पायरी चाचपावी तशी. "आपण लिहितो ते सगळं आधी रांगेत उभं राहतं. चार आणि मागे एंटर. आकडा हवा होता, म्हणून चारला आत घेतलं आणि एंटरला दारातच सोडलं. पुढच्या वेळी अक्षर मागितलं, तर दारात जी उभी होती तीच उचलली. आपण एम लिहायच्या आतच."

सुधींद्र म्हणाला, आकड्यामागून आकडा विचारतो तेव्हा असं होत नाही. तिनं उत्तर दिलं की आकडा शोधणारा एंटरला ओलांडून पुढे जातो, अक्षर शोधणारा मात्र पहिलं दिसेल ते घेतो. म्हणून इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुधींद्रनं वळून फळ्याकडे पाहिलं. तिथे त्याच्याच हातचं, याच चुकीसकट, लिहिलेलं होतं. ते त्यानं गुपचूप पुसलं.

आणि मी? मी त्या दहाकडे बघत होते. जन्मभर म्हणत आले की माझी खूण उरत नाही. उरत होती. दिसत नव्हती, पण दारात उभी होती, आणि तिला आकडा होता. ए-बीसारखा माझा स्वतःचा आकडा.

सुख किती टिकावं? उपाय काय निघाला ऐका. अक्षर मागायच्या ओळीत जी टक्क्याची खूण असते, तिच्याआधी एक रिकामी जागा सोडायची. ती दिसली की कॉम्प्युटर दारातल्या एंटरला बाजूला सारतो आणि खऱ्या अक्षरासाठी थांबतो. रिकामी जागा कोण देणार? लांबोडी. शिल्पाश्रीचा अंगठा तिच्यावर अलगद पडला आणि सगळं दुरुस्त झालं. बदनामी माझी, निस्तरलं तिनं. टिळा तिला, यशही तिलाच. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

पुष्पावतीनं परत चार लिहिला, मला दाबलं. काठाचा प्रश्न आला आणि त्यापुढे छोटी रेघ लुकलुकत थांबली. थांबूनच राहिली. तिनं सावकाश एम लिहिला, मला दाबलं, आणि चार मोठ्या काठांच्या साड्यांचा हिशेब आला.

"आता विचारलं बघ माणसासारखं," ती म्हणाली. मग सुनेकडे न बघताच, "बायकांना कधीपासून बोलवायचं?"

शिल्पाश्रीनं सुधींद्रकडे पाहिलं. श्रीधररावांनीच सांगितलं, दिवाळी झाली की. जिन्यापर्यंत जाऊन पुष्पावती थबकली.

"पण चूक कुणाची? माझी नाही, हिची नाही, कळीची नाही. चारला घेऊन तिला दारात सोडणारा कोण?"

"स्कॅनएफ, अक्का," सुधींद्रनं सी भाषेतल्या त्या हुकुमाचं नाव सांगितलं. "बाहेरचं आत घ्यायचं काम त्याचं."

पुष्पावतीनं कान पुढे केला. इथली गावं-गल्ल्या नागप्पा-देवाप्पांनी भरलेली. तिला जे ऐकू आलं ते आलं. एवढं मोठं काम असल्या बेफिकीर माणसाला कुणी दिलं, असं पुटपुटत ती खाली गेली.

आता नव्वदचं दशक सरत आलंय. बायकांचा वर्ग अजून चालतो. माझा बाण पुसून गेलाय, फटीत थोडं कुंकू अजून आहे. तेवढंच माझं सौभाग्य. नवे कीबोर्ड आलेत, मी शेवटच्या टेबलावर आहे. लांबोडी अजून मधोमध बसते आणि मी अजून जळते. ते काही सुटायचं नाही.

मागणं एकच. मला एकदा दाबा, बेताने दाबा, आणि प्रश्न न थांबता पुढे पळाला तर आधी दारात कोण उभं राहिलंय ते बघा. बोट नाचवणाऱ्या पोरीला आणि मुकाट कळीला लगेच खोटं पाडू नका.

दर नव्या वर्गात कुणी ना कुणी म्हणतंच, टीचर, एंटर बिघडलीय, दोनदा लागतेय. शिल्पाश्री काही बोलायच्या आत दाराशी खुर्ची टाकून बसलेली पुष्पावती तिथूनच सांगते, "कळीला बोल लावू नका. आमची सून दाखवेल. ती सगळी करणी त्या मेल्या स्कॅनप्पाची."