भेगेवरचा पाचशेचा रोखा

सासरे होते तोवर त्या घरात चहाच्या आधी भिंत बघितली जाई. डोंगराकडच्या भिंतीला जुनी भेग होती आणि त्या भेगेवर आडवा चिकटवलेला होता बेचाळीस सालचा पाचशे रुबलचा युद्धकर्जरोखा. "कागद शाबूत तर घर शाबूत," म्हातारा सुनेला, सायराकानला, बजावून सांगे. "ज्या दिवशी फाटेल त्या दिवशी चहासुद्धा ओतू नकोस. पोरीला उचल आणि नीघ." वरच्या शेजाऱ्यांचं घर एका वसंतात डोंगरासकट खाली आलं होतं, त्यामुळे तिने हे बोलणं कधी हसण्यावारी नेलं नाही.

म्हातारा गेला आणि त्याच शरदात ओश शहराच्या बाजारातला सोलिजान दारात उभा राहिला. जुनी पदकं, नोटा, रोखे गोळा करणारा माणूस. म्हाताऱ्याच्या पेटीतली तसल्याच रोख्यांची चळत त्याने शिळ्या भाकरीसारखी उलटीपालटी केली.

"घरोघर पडलेत हे, एर्गेशदादा," तो सायराकानच्या नवऱ्याला म्हणाला. "लढाईच्या वेळी मजुरीतून पैसे कापायचे आणि हे हातात ठेवायचे. नको म्हणायची कोणाची छाती होती? परतफेड लांबत गेली, तोवर नोटाच बदलल्या. मग लोकांनी पोरांना खेळायला दिले." तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली. "हा मात्र पाचशेचा! खेड्यात एवढा मोठा कोण घेत होतं? आणि घडीसुद्धा नाही पडलेली. वसंतात, नवरोजच्या सणानंतर रस्ता सुकला की येतो, ओला करून मीच सोडवीन. याचे एका गाभण गाईएवढे पैसे देईन. फाटला तर मात्र चुलीत घाला. आणि धूर लागू देऊ नका."

एर्गेशने त्याच दिवशी रोख्यावर जाड कशिद्याचा पडदा टांगला. सायराकानला तिथे हात लावायची बंदी झाली. इतके दिवस कागद घराची राखण करत होता; आता सगळं घर त्या कागदाची राखण करू लागलं.

नवरोज झाला. पाऊस लागला तो थांबेना. दार चौकटीत अडकू लागलं, खांद्याने रेटावं लागे. मेंढ्या डोंगराकडच्या गोठ्यात शिरेनात.

"अहो, एकदा पडदा वर करून बघू या," सायराकान म्हणाली.

"लाकूड फुगलंय पावसाने. तुला काय, पान हललं तरी डोंगर हलल्यासारखा वाटतो."

"मग खालच्या नव्या वस्तीत जाऊ. जागा मिळालीय ना आपल्याला?"

"गाय आली की जाऊ. रिकाम्या हाताने जाऊन काय माती खायची?"

सोलिजान आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात माखून. एर्गेशने पडदा अर्धाच उचलला. सोलिजानने तो पुरता बाजूला सारला.

रोखा वरपासून खालपर्यंत फाटला होता. मधे बोटभर भेग उघडी होती. आणि फाटलेल्या दोन्ही कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या लोंबत होत्या.

"सांधलाय हा," सोलिजान म्हणाला. "कणकेची खळ लावून. आणि परत फाटलाय. दादा, मला काय आंधळा समजलात?"

सायराकानने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"कधी फाटला होता?"

"नवरोजच्या आधी. केसाएवढा होता गं. कळलंही नसतं कोणाला."

तिला राग यायच्या आधी भीती वाटली, आणि ती डोंगराची नव्हती, या माणसाची होती. रोखा फाटलेला माहीत असूनही तो रोज रात्री त्याच भिंतीशी पोरीचं अंथरूण घालत होता.

तिने पोरीला, चिनाराला, उचललं आणि बाहेर पडली. मागोमाग सोलिजान, टोपी विसरून.

"अहो, चला!"

"आलो! सोलिजान, अर्ध्याचे तरी काही द्याल ना?"

जमिनीखाली कोणी जातं ओढावं तशी घरघर सुरू झाली. चौकट वाकली आणि दार आपटून बंद झालं. एर्गेश आतून धक्के मारू लागला, पण ते हलेना. खिडकी एकच, तीही गजांची.

"हिला घेऊन खाली पळा!" पोरीला सोलिजानच्या हातात देऊन सायराकान वळसा घालून डोंगराकडच्या भिंतीशी धावली. भेग आता वीतभर झाली होती. तिच्यातून नवऱ्याचा हात बाहेर आला. हातात अर्धा रोखा होता.

"आधी हा धर!"

तिने कागद हिसकून चिखलात फेकला आणि तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. वरून पहिला दगड घरंगळत आला, तरी तिने तो हात सोडला नाही.