यंत्राला विचारलेला प्रश्न

सोमवारपासून फ्राउ लिंडनरना त्यांचा तारा दिसणार नव्हता, आणि तो आपल्याच आईमुळे दिसणार नव्हता, हे अन्वीच्या मनाला फार लागलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी, फ्राउ लिंडनर, एक्याऐंशी वर्षांच्या. जवळच्याच गार्चिंग गावातल्या एका संशोधन संस्थेतून केव्हाच निवृत्त झालेल्या, पण एका मिणमिणत्या ताऱ्याची नोंद तीस वर्षं न चुकता ठेवणाऱ्या. घरच्या कॉम्प्युटरवरून त्या संस्थेच्या यंत्रणेत शिरत आणि दर शनिवारी अन्वीला शेजारी बसवून ताऱ्याच्या उजेडाची वरखाली जाणारी रेघ दाखवत. आता नवा नियम आला होता. पासवर्डखेरीज ओळखीची दुसरी खूण हवी. तिला म्हणायचं टोकन. ते यायचं मोबाइलवर, आणि फ्राउ लिंडनरकडे फक्त भिंतीवरचा वायरचा फोन. नियम लागू करायचं काम त्या संस्थेची यंत्रणा सांभाळणाऱ्या कादंबरीचं, म्हणजे अन्वीच्या आईचं.

"माझा जुना मोबाइल देऊ केला, बाबा. दारातूनच म्हणाल्या, नाइन! नको म्हणजे नको!" कादंबरीने लॅपटॉपसमोर कपाळ धरलं.

नागेशआजोबा मटार सोलत होते. पुण्यात छत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलेलं. "त्या यंत्रणेला टोकनांचे प्रकार येतात तरी किती?"

"तीन. पडद्यावर तीनच दिसतात, तिन्ही मोबाइलवरचे."

"ते तू चालू ठेवलेले. तिला येतात किती? नव्या वर्गावर गेलो की मी आधी पोरांना विचारायचो, तुम्हाला काय काय येतं ते सांगा. शिकवायचं नंतर."

"अहो बाबा, मशीन आहे ते. सहावी ब नाही!"

"मग तर उलट उत्तरही देणार नाही. विचार."

"बिट्टे, आई, विचार ना," अन्वी म्हणाली.

कादंबरीने पडद्यावर काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटण नाही. नुसती लुकलुकणारी रेघ. तिने एक ओळ लिहिली, टोकनांच्या प्रकारांची यादी मागणारी, आणि एंटर दाबलं.

ओळींमागून ओळी उमटत गेल्या. दहा, पंधरा, वीस... अन्वी मोजता मोजता थांबली. आजोबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे सगळं त्याला आधीपासून येत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," कादंबरी हळूच म्हणाली. "दोन वर्षं मी हे सांभाळते. कधी विचारलंच नाही."

अन्वीचं बोट एका ओळीवर थबकलं. "पेपर? म्हणजे आपला कागद?"

"छापलेल्या आकड्यांचा कागद! दर वेळी नवा आकडा टाकायचा, वापरला की खोडायचा." कादंबरी ताडकन उठली. "प्रिंटर चालू कर गं!"

अर्ध्या तासात तिघंही वर पोहोचली. फ्राउ लिंडनरनी कागद उजेडात धरून वाचला. "असा कागद पूर्वी आमची बँक द्यायची," त्या हसल्या. पहिला आकडा सावकाश टाइप केला, पट्टी लावून पेन्सिलीने खोडला.

पडद्यावर ताऱ्याची रेघ उमटली. वर चढली, अलगद उतरली.

"हा उजेड तिथून निघाला ना, तेव्हा आपली ही बिल्डिंगसुद्धा नव्हती. तुम्हीपण नव्हतात," अन्वीने आजोबांना सांगितलं.

आजोबा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "त्यांना विचार, या ताऱ्याला आणखी काय काय येतं?"

अन्वीने जर्मनमध्ये विचारलं. फ्राउ लिंडनरनी पेन्सिल कानामागे खोवली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी त्याला तेच विचारतेय."